घरचे भांडार आणि तीन तिरक्या रेघा

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याच्या धक्क्यापर्यंत लाँचने साधारण तासाभराचा प्रवास आहे. ६४ गिगाबाइट क्षमतेचा, पूर्ण भरलेला पेन ड्राइव्ह खिशात घालून कोणी हा प्रवास केला, तर माहिती किती वेगाने समुद्रापार गेली असे म्हणावे? एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणजे ६४ गिगाबाइटचे झाले ५१२ गिगाबिट. त्यांना ३६०० सेकंदांनी भागले की सेकंदाला सुमारे १४२ मेगाबिट असे उत्तर येते. हीच माहिती सेकंदाला २ मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून आणायची झाली, तर जवळजवळ तीन दिवस लागतील. तेही मध्ये एकदाही वीज गेली नाही तर!

हे गणित आम्ही मांडले ते २०२४च्या मे महिन्यात. मांडवा परिसरातील एका माध्यमिक शाळेला देणगीतून बारा जुने संगणक मिळाले होते. त्यांवर डेबियन ही लिनक्स कुटुंबातील मुक्त संगणक प्रणाली घातलेली होती. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी त्यांवर काही शैक्षणिक सॉफ्टवेअर बसवून मिळावीत, अशी शिक्षकांची इच्छा होती : आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम, मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीसाठी कॅल्झियम, भूमितीसाठी किग आणि मराठी मजकुरासाठी लोहित टंक. ही सारी डेबियनच्या भांडारात विनामूल्य मिळतात. अडचण होती ती आणण्याची.

मोबाइलचे जाळे आता मांडव्यातही पोचले आहे. परंतु एका शिक्षकाच्या फोनच्या आधाराने बारा संगणकांची सॉफ्टवेअर उतरवून घेणे हा काही मार्ग नव्हे. शिवाय ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे पाडले होते. कित्येक गावांना दिवसेंदिवस विजेविना राहावे लागले होते. त्यामुळे ‘जे लागते ते शाळेतच असावे, पुन्हा बसवायची वेळ आली तर कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये’ ही मुख्याध्यापकांची अट आम्हाला रास्त वाटली. पावसाळ्यात गेटवेहून येणाऱ्या लाँच बंद असतात. म्हणून मेअखेरीपूर्वी एक खेप करून काम उरकावे, असा आमचा बेत होता. तो पहिल्या खेपेस साफ फसला. का फसला हे पाहिले म्हणजे पॅकेज भांडार म्हणजे काय, ते नीट कळते.

पेटी आणि पेटीबाहेरचे साहित्य

डेबियनची घोषणा इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. या प्रणालीत प्रत्येक सॉफ्टवेअर एका बंद पेटीच्या स्वरूपात मिळते. तिलाच पॅकेज म्हणतात, आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘डेब’ ही खूण असते. पेटीत प्रत्यक्ष प्रोग्रॅम तर असतोच, पण एक चिठ्ठीही असते. पॅकेजचे नाव, आवृत्ती, ते कोणत्या जातीच्या प्रोसेसरवर चालते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजेस लागतात, हे तिच्यावर लिहिलेले असते.

शाळेत येणाऱ्या प्रयोगसाहित्याच्या पेट्यांशी शिक्षक परिचित आहेत. पेटीत नळ्या आणि रसायने असतात, पण पत्रकावर लिहिलेले असते : ‘स्पिरिटचा दिवा व तिवई शाळेने घ्यावी.’ दिवा प्रत्येक पेटीत घालणे उधळपट्टी ठरेल. एकच दिवा सर्व प्रयोगांना पुरतो. सॉफ्टवेअरमध्येही असेच आहे. खिडक्या आणि बटणे काढणारे, चित्रे उलगडणारे, अक्षरे जुळवणारे भाग शेकडो प्रोग्रॅमना सामाईक असतात, म्हणून ते स्वतंत्र पॅकेजमध्ये ठेवतात. या परस्परावलंबनामुळे जागा वाचते आणि एखाद्या सामाईक भागातील दोष एकाच ठिकाणी दुरुस्त करता येतो. मात्र एकेकटे पॅकेज सहसा निरुपयोगी असते. स्टेलॅरियमला त्याचे तारकांच्या माहितीचे पॅकेज लागते, क्यूटी कुटुंबातील पॅकेजेस लागतात, त्यांना पुन्हा आणखी काही लागतात. हे झाड हाताने चढणे कंटाळवाणे आणि चुकांना आमंत्रण देणारे आहे. जून २०२३मध्ये आलेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत ६४,४१९ पॅकेजेस होती, यावरून पसाऱ्याची कल्पना यावी.

हे काम यंत्रावर सोपवण्यासाठी ‘एपीटी’ हा प्रोग्रॅम आहे. मार्च १९९९च्या आवृत्तीपासून तो डेबियनसोबत येतो. आपण ‘स्टेलॅरियम बसव’ एवढेच सांगायचे. काय काय लागेल याचा हिशेब तो करतो आणि नेमून दिलेल्या भांडारातून ते आणतो.

आता आमची चूक. मुंबईतल्या आमच्या संगणकावर आम्ही एपीटीला चारही सॉफ्टवेअर ‘फक्त उतरवून ठेव’ असे सांगितले, मिळालेली पॅकेजेस पेन ड्राइव्हवर घेतली आणि लाँच पकडली. शाळेत पहिल्याच संगणकाने नकार दिला : अमुक पॅकेज हवे, ते नाही, तमुक हवे, तेही नाही. सुटीतही काही मुले मुद्दाम आली होती. ती बाराच्या बारा पडद्यांसमोर बसून आमच्याकडे पाहत होती, आणि आम्ही नाही म्हणणाऱ्या यादीकडे पाहत होतो. कारण उमगायला परतीची लाँच धरावी लागली. एपीटी शहाणा आहे. जे आधीच संगणकावर आहे ते तो पुन्हा आणत नाही. आमच्या संगणकावर क्यूटीची बहुतेक पॅकेजेस पूर्वीपासूनच होती, म्हणून ती पेन ड्राइव्हवर आलीच नाहीत. शाळेच्या कोऱ्या संगणकांना नेमकी तीच हवी होती. दुसऱ्याच्या घरचे वाणसामान आपल्या डब्यांकडे पाहून भरण्यासारखेच हे झाले.

उपाय सोपा आहे. डेबियनच्या प्रत्येक संगणकावर ‘स्टेटस’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते आणि तिथे काय काय बसवले आहे याची नोंद तिच्यात असते. शाळेतील एका शिक्षकांनी ही फाइल आम्हाला फोनवरून पाठवली. ती जेमतेम काही मेगाबाइटची असते. मुंबईत एपीटीला आमची नव्हे तर ही नोंद पाहून हिशेब करायला सांगितले, तेव्हा यादी कितीतरी लांब निघाली. यादी फोनने जावी आणि माल समुद्राने यावा, ही विभागणी आम्हाला फार आवडली. याच कामासाठी ‘एपीटी-ऑफलाइन’ नावाचे तयार साधनही आहे. ते रितेश राज सर्राफ या भारतीय विकासकाने लिहिले आहे. (इतके करूनही ६४ गिगाबाइटचा एक कोपरासुद्धा भरला नाही, हे सुरुवातीच्या गणिताच्या संदर्भात कबूल केले पाहिजे.)

कपाट आणि नोंदवही

पूर्ण संच मिळाल्यावर तो एका फोल्डरमध्ये ओतला की भांडार झाले का? नाही. शाळेच्या ग्रंथालयात कपाटभर पुस्तके असली, पण दाखल नोंदवही नसली, तर ‘अमुक पुस्तक आहे का’ या प्रश्नाला प्रत्येक वेळी कपाट उपसावे लागेल. एपीटी कपाट उपसत नाही. तो फक्त नोंदवही वाचतो.

या नोंदवहीचे नाव ‘पॅकेजेस’. फोल्डरमधल्या प्रत्येक पेटीची चिठ्ठी वाचून ती एकाखाली एक लिहून काढायची, आणि प्रत्येकीला तीन गोष्टी जोडायच्या : पेटी भांडारात कोठे आहे, तिचा आकार किती बाइट, आणि तिचा ‘ठसा’. हा ठसा म्हणजे पेटीतील सर्व बिटांवर ठरावीक गणिती क्रिया करून काढलेली २५६ बिटांची संख्या. ती ६४ अक्षर-अंकांत लिहितात. पेटीतला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. गुणपत्रकाची बेरीज पडताळून पाहण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की दोन चुका एकमेकींना झाकून बेरीज जुळण्याची शक्यता येथे व्यवहारात शून्य आहे. पेन ड्राइव्हवर नकलताना बिघडलेली फाइल यामुळे बसवण्यापूर्वीच पकडली जाते.

नोंदवही हाताने लिहावी लागत नाही. ‘डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस’ ही आज्ञा दिली की क्षणात ती तयार होते. पण आज्ञा भांडाराच्या फोल्डरमध्ये उभे राहून द्यावी, बाहेरून नव्हे. नोंदवहीतला पेटीचा पत्ता भांडाराच्या दारापासून मोजलेला असावा लागतो. बाहेरून आज्ञा दिली तर ‘गावापासून घरापर्यंत’ असा लांब पत्ता नोंदला जातो. एपीटी तो घराच्या दारापासून पुन्हा मोजू लागतो आणि भलतीकडेच पोचतो. आणि नवी पेटी आली की नोंदवही पुन्हा करायची. नोंदवहीत नाही ते एपीटीच्या लेखी भांडारात नाही.

मु. पो. रिकामे

आता हे भांडार कोठे आहे ते एपीटीला सांगायचे. एरवी भांडाराचा पत्ता इंटरनेटवरच्या कोणत्या तरी संगणकाचा असतो. आपले भांडार याच संगणकाच्या डिस्कवर आहे. त्यासाठी पत्त्याचा जो प्रकार वापरतात, तो ‘फाइल’ या शब्दाने सुरू होतो. आमच्या शाळेतील ओळ अशी होती (संगणकावर अर्थातच ती रोमन लिपीत टंकायची) :

डेब फाइल:///एसआरव्ही/भांडार ./

पहिला शब्द पॅकेजचा प्रकार सांगतो. शेवटचे टिंब आणि तिरकी रेघ ‘याच फोल्डरमध्ये, आत आणखी कप्पे नाहीत’ असे सांगतात. मधला भाग पत्त्याचा, आणि तेथील तीन तिरक्या रेघा पाहून बहुतेकांना छपाईची चूक वाटते.

ती चूक नव्हे. इंटरनेटवरील पत्त्यांची रचना टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९९४मध्ये लेखी मांडली, तेव्हापासून ती अशी आहे : आधी पद्धतीचे नाव, मग अपूर्णविराम, मग दोन तिरक्या रेघा, त्यानंतर संगणकाचे नाव, आणि मग एका तिरक्या रेघेने सुरू होणारा त्या संगणकातील मार्ग. पत्रावर आपण ‘मु. पो.’ लिहून गाव घालतो आणि मग घर सांगतो, तसेच. पण घरातल्या घरात चिठ्ठी द्यायची तर मु. पो. कशाला? ती जागा रिकामी सोडतात. दोन रेघा ‘आता संगणकाचे नाव’ असे म्हणतात, नाव काहीच नसते, आणि लगेच मार्गाची पहिली रेघ येते. दोन अधिक एक मिळून तीन. लिनक्समध्ये सर्व मार्ग मूळ फोल्डरपासून निघतात आणि त्या मूळ फोल्डरची खूण हीच एक तिरकी रेघ असते. तेव्हा तिसरी रेघ ही पत्त्याच्या व्याकरणातली नसून खऱ्या मार्गातली आहे. २०१७ साली ‘फाइल’ पत्त्यांचे नियम स्वतंत्रपणे नव्याने लिहिले गेले, त्यांतही हा अर्थ कायम आहे.

एक रेघ गाळून पाहा. आता दोन रेघांनंतरचा ‘एसआरव्ही’ हा शब्द फोल्डर न राहता गावाचे नाव ठरतो. स्थानिक पत्ता दोन तिरक्या रेघांनी सुरू होता कामा नये, अशा अर्थाचा संदेश एपीटी देतो. नवख्याला तो कोड्यात टाकतो, कारण आपला बरोबर पत्तासुद्धा दोन रेघांनी सुरू होताना दिसतोच! संदेशाचा खरा रोख ‘येथे परगावचे नाव नको’ असा आहे. याच कारणाने, शेजारच्या संगणकाचे नाव त्या रिकाम्या जागी लिहून त्याच्या डिस्कवरचे भांडार उघडता येत नाही. ‘फाइल’ पत्ता म्हणजे घरातच शोधणे. शेजाऱ्याकडून आणायचे तर त्या संगणकाने ते तारेवरून पुरवले पाहिजे, आणि त्याची पद्धत वेगळी. आम्ही भांडाराची नक्कल बाराही संगणकांवर ठेवली. डिस्कवर जागा होती, संगणक एकमेकांना जोडणारे जाळे नव्हते, आणि एक बिघडला तर बाकीचे अकरा अडू नयेत हेही होतेच.

फोल्डरला मराठी नाव द्यायचा मोह आम्हालाही झाला. पण पत्त्यात देवनागरी अक्षरे नियमाप्रमाणे टक्क्याच्या खुणेने सांकेतिक करून लिहावी लागतात. ‘मांडवा’ या शब्दात काना आणि अनुस्वार धरून सहा चिन्हे आहेत. प्रत्येकाला तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटला पत्त्यात तीन अक्षरे. म्हणजे एवढ्याशा गावाला ५४ अक्षरे. आम्ही मुकाट्याने रोमन नाव दिले. नावात मोकळी जागाही सोडू नये, कारण ओळीतले शब्द एपीटी मोकळ्या जागेवरूनच वेगळे करतो.

पेन ड्राइव्हवरूनच थेट का नाही?

हा प्रश्न शिक्षकांनी विचारला आणि आम्ही तसे करूनही पाहिले. ‘परवानगी नाकारली’ असे उत्तर आले. पेन ड्राइव्ह लावला की तो त्या वेळी संगणकावर बसलेल्या व्यक्तीच्या नावाने जोडला जातो आणि इतरांना त्यात डोकावता येत नाही. एपीटी मात्र सुरक्षिततेसाठी आणण्याचे काम स्वतःच्या एका वेगळ्या, कमी अधिकारांच्या नावाने करतो. ते नाव येथे ‘इतरां’त मोडते. म्हणून भांडार ‘एसआरव्ही’ या फोल्डरखाली नकलले. इतरांना पुरवायची सामग्री ठेवण्यासाठीच ते असते. तेथे सर्वांना वाचण्याची परवानगी दिली आणि प्रश्न मिटला. दुसरेही एक कारण आहे. ‘फाइल’ पत्त्याने एपीटी पेटी जागच्या जागी वापरतो, स्वतःकडे प्रत ठेवत नाही. पेन ड्राइव्ह काढून नेला की पुन्हा बसवायला हाती काही उरत नाही. प्रत ठेवून घ्यायची असेल तर ‘फाइल’च्या जागी ‘कॉपी’ हा शब्द लिहितात.

सही कोणाची?

या विषयात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट नेमकी लोक टाळतात. डेबियनच्या मूळ भांडारात नोंदवहीचाही ठसा काढून तो ‘रिलीज’ नावाच्या फाइलीत लिहितात आणि त्या फाइलीवर डेबियनची गणिती सही असते. सही खरी, म्हणून रिलीज खरी. रिलीजमधला ठसा जुळला म्हणून नोंदवही खरी. नोंदवहीतला ठसा जुळला म्हणून पेटी खरी. आपण स्वतःची नोंदवही लिहिली की ही साखळी वरच्या टोकाला तुटते. पेट्या त्याच, पण नोंदवही आता आपली, आणि तिच्यावर सही कोणाचीच नाही. एपीटी अशा भांडाराला नकार देतो, आणि ते योग्यच आहे.

पत्त्याच्या ओळीत ‘हे विश्वसनीय समजावे’ असा पर्याय चौकटी कंसात लिहिला की नकार थांबतो. त्याने काम चटकन होते, म्हणून सगळीकडे तोच सल्ला मिळतो. एका संगणकावर तासाभराची चाचणी घ्यायची असेल तर ठीक. पण शाळेतल्या संगणकांना दिवसभरात कितीतरी पेन ड्राइव्ह लागतात, आणि पॅकेज बसवताना त्यातील आज्ञा संगणकाच्या सर्वाधिकाराने चालतात. त्या फोल्डरमध्ये कोणी एक बनावट पेटी सरकवून नोंदवही पुन्हा लिहिली, तर ते ओळखायला काही उरत नाही. आम्ही स्वतःच्या सहीची किल्ली बनवली, ‘एपीटी-एफटीपीआर्काइव्ह’ या साधनाने रिलीज फाइल तयार केली आणि मुंबईतच तिच्यावर सही केली. मूळ भांडारातून उतरवताना डेबियनची सही तेथे तपासली गेलेलीच होती. शाळेच्या संगणकांवर सही पडताळण्याची जाहीर किल्ली ठेवली. सही करण्याची गुप्त किल्ली मुंबईतच राहिली. याला अर्धा तास अधिक लागला.

तरीही दोन संगणकांनी सही मानली नाही. त्यांचे घड्याळ कित्येक वर्षे मागे होते, कारण जुन्या संगणकातील नाण्याएवढा सेल संपलेला होता. त्यांच्या दृष्टीने आमची सही भविष्यकाळातली होती, आणि भविष्यकाळातल्या सहीवर विश्वास ठेवू नये हे तर्काला धरूनच आहे. अलिबागहून सेल आणले, तारीख लावली, मग ते राजी झाले.

ही दुसरी खेप जूनमध्ये झाली. तोवर लाँच बंद झाल्या होत्या, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२०मध्ये सुरू झालेल्या रो-रो बोटीने गेलो. या वेळी एपीटीने नोंदवही वाचली, सही पडताळली आणि एकाही संगणकाने इंटरनेटची चौकशी केली नाही. बाहेर आभाळ पूर्ण भरलेले असताना मुलांनी स्टेलॅरियममध्ये मांडव्याचे अक्षांश घातले, तेव्हा ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर आला. तो तिथेच का, यावर पुढचा तास गेला.

रायगड जिल्ह्याला असे प्रयोग नवे नाहीत. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या शाळेत झाला, आणि त्या लॅपटॉपवरही लिनक्सच होते. यंत्रे आणून देणे हा एक भाग झाला. नंतरची वर्षानुवर्षांची देखभाल हा दुसरा, आणि घरच्या भांडाराला ती लागतेच. इंटरनेटवरच्या भांडारात दोषदुरुस्त्या सतत येत असतात, घरचे भांडार ज्या दिवशी भरले त्या दिवशीच थांबते. म्हणून दर सहामाहीला शाळेने स्टेटस फाइल पाठवायची आणि आम्ही ताजी पॅकेजेस, नवी नोंदवही व नवी सही घेऊन जायचे, असे ठरले आहे.

ऑगस्ट २०२५मध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती आली. ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर ती नव्याने बसवण्याची सोय डेबियनने बंद केली आहे, आणि शाळेतील दोन संगणक त्याच जातीचे आहेत. ते बाराव्या आवृत्तीवरच ठेवले, बाकीचे दहा तेराव्या आवृत्तीवर नेले. दोन आवृत्त्यांची पॅकेजेस एका कपाटात मिसळली की एपीटीचा हिशेब बिघडतो, म्हणून आता पेन ड्राइव्हवर दोन फोल्डर असतात, त्यांच्या दोन नोंदवह्या आणि दोन सह्या. पत्त्याच्या ओळीत फोल्डरच्या नावापुढचा आकडा तेवढा बदलतो. रेघा तीनच राहतात.